चिवड्याचा डबा, मोजे आणि जिन्यातला दिवा

चौथा_मजला (धागाकर्ता)

मंडळी, जानेवारीत रक्त तपासलं. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठाच. वय ४७, काम घरून, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. 'गोड कमी करा, चालायला लागा' हे ऐकून घरी आलो आणि चार दिवस इमानेइतबारे पाळलं. पाचव्या दिवशी मीटिंग चालू असताना बघतो तर हात चिवड्याच्या डब्यात. भूक नव्हती. डबा कधी उघडला तेही आठवत नाही.

त्या रात्री एक खुळचटपणा केला. खुर्चीपासून डब्यापर्यंतची पावलं मोजली. चार. तिथून चालायच्या बुटांपर्यंत मोजली. अकरा, आणि मध्ये दोन दारं.

मग मनाशी भांडायचं सोडून दिलं आणि सामान हलवायला घेतलं. दीड महिना झाला. काय जमलं, काय फसलं ते लिहितो.

चिवडा, शेव, बिस्किटं आधी पारदर्शक बरण्यांत होती, हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या फळीवर. ती सगळी स्टीलच्या डब्यांत भरून स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकली. आता स्टूल आणावं लागतं, आणि स्टूल गॅलरीत असतं. खावंसं वाटलं तर खातो, स्वतःला बंदी घातलेली नाही. पण दहातल्या सात वेळा स्टूल आणायचा कंटाळा जिंकतो. बरणीच्या जागी टोपलीत केळी, पेरू, चिकू.

सगळ्यात मोठा शोध मोज्यांचा. मी सकाळी चालायला का जात नाही याची कारणं वर्षानुवर्षं शोधत होतो: थंडी, झोप, आळस. खरं कारण हे निघालं की मोजे बेडरूमच्या कपाटात, कपाटाचं दार कुरकुरतं, बायको उठते, आणि मग 'इतक्या लवकर कुठे?' पासून संवाद सुरू होतो. आता मोजे रात्रीच बुटांत खोचतो, ट्रॅक पँट आणि किल्ली दाराजवळच्या खुंटीला. उठायचं, तोंड धुवायचं, बाहेर. ४१ दिवसांत ३३ वेळा गेलोय.

रस्ताही बदलला. आधीच्या वाटेवर परतताना अमृततुल्य लागायचं आणि तिथल्या काचेत क्रीमरोल. तो आता मला दिसतच नाही.

फसलेलं: व्यायामाची सायकल. दोन वर्षांपूर्वी हौसेनं घेतली, मागच्या खोलीत ठेवली. तिच्यावर टॉवेल उत्तम वाळतात. टीव्हीसमोर आणून पाहिली तर घरात तंटा झाला, परत मागे गेली.

आणि लहान ताट घेतलं. लहान ताटात कमी जेवलं जातं असं खूप ठिकाणी वाचलं होतं. तुमचे अनुभव सांगा.

---

खडूस_सदाशिव

पुण्यात चालण्याची अडचण अशी की प्रत्येक टेकडीच्या पायथ्याशी कोणीतरी पोहे विकतंच. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून उतरलेला माणूस खाली आल्यावर जे खातो, त्याला २०६ पायऱ्याही पुरणार नाहीत. आमचा ग्रुप दर रविवारी सिंहगड चढतो तो व्यायामासाठी असं आम्ही घरी सांगतो. वर भजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही असतं हा निव्वळ योगायोग.

दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या. मोज्यांचं एकदम पटलं.

---

ओट्यामागची

धागा आवडला, पण एक प्रश्न विचारते, राग मानू नका. माळ्यावरचे डबे कोणी पुसून भरले? टोपलीतली केळी काळी पडली की त्यांचं काय करायचं हे कोण बघतं? तुमच्या फ्रिजमध्ये काकडी-गाजर चिरून ठेवलेलं असेल तर ते कोण चिरतं?

'भोवताल बदला' म्हणतात तो भोवताल आमच्या घरात म्हणजे मी. नवऱ्याला डाएट सांगितलं की माझा एक तास वाढतो. त्याच्या ज्वारीच्या भाकऱ्या, मुलांच्या पोळ्या, सासऱ्यांना मऊ भात. आणि रात्री साडेदहाला ओटा आवरून झाल्यावर मी उभ्या उभ्या उरलेलं संपवते, टाकवत नाही म्हणून. माझ्या वजनाचं ते खरं कारण. उरलेली पोळी कुठल्या माळ्यावर ठेवू?

---

चौथा_मजला

ओट्यामागची ताई, डबे बायकोनंच भरले. मी स्टूल धरलं होतं. आता लिहिताना लाज वाटतेय.

---

काकडी_कोशिंबीर

ओट्यामागची, +१००. आमच्याकडे यावर एक तोड निघाली, बघ जमतंय का. किती उरतंय ते मोजत बसायचं नाही, पण उरलेलं जेवण संपायच्या आत डब्यात भरायचं. म्हणजे ताटं वाढून झाली की लगेच उरलेली भाजी-पोळी सकाळच्या डब्यासाठी स्टीलच्या डब्यात, झाकण लावून फ्रिजमध्ये, आणि मग आपण जेवायला बसायचं. झाकण लागलं की ते 'उद्याचं' होतं, कढईत असलं की 'उरलेलं'. मला एवढ्यानं बराच फरक पडला.

आणि चिरण्याबद्दल: चिरलेली काकडी दुसऱ्या दिवशी पाणी सोडते, तिसऱ्या दिवशी बुळबुळीत होते, त्या भानगडीत पडूच नये. काकडी धुऊन, पुसून अख्खी ठेवायची, समोरच्या फळीवर. गाजराचे लांब तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात चार दिवस टिकतात. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री उपसून फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड. हे काम माझा बारावीतला मुलगा करतो. शिकवायला दोन दिवस लागले, त्यातला दीड दिवस कुरकुरीत गेला.

फ्रिजच्या सगळ्यात खालच्या भाजीच्या कप्प्यावर माझा विशेष राग आहे. तिथे गेलेली पालेभाजी परत वर येत नाही. आम्ही त्या कप्प्यात कोल्ड्रिंक, जॅम, चीज टाकलं आणि भाज्या डोळ्यांसमोरच्या फळीवर आणल्या. पालेभाजी कोरड्या कापडी पिशवीत.

---

शंकेखोर

लहान ताटाबद्दल सावध करतो. हे जे 'ताट लहान, जेवण कमी' सगळीकडे फिरतं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॅन्सिंक यांच्या प्रयोगशाळेतून पसरलं. २०१८ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे सहा निबंध एकाच दिवशी मागे घेतले, विद्यापीठाच्या चौकशीत संशोधनातला गैरप्रकार दिसून आला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यामुळे त्या घराण्यातल्या गोष्टी जपून घ्याव्यात.

याचा अर्थ सगळंच खोटं असाही नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या, अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा एक आढावा आला होता, ७२ अभ्यासांचा. पुढ्यात जास्त आलं, पाकीट मोठं असलं, भांडं मोठं असलं की माणसं जास्त खातात, असं त्यात सरासरीनं दिसतं. पण नुसतं ताट बदलून पोळ्या तितक्याच वाढल्या तर काय होणार? माझ्या आईनं लहान ताट घेतलं आणि तीनदा भात घेतला.

तसंच ते १०,००० पावलांचं. तो आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. चाला हो, जरूर चाला, पण ९,४०० झाली म्हणून रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम म्हणते, तो हिशेब सोपा आहे.

---

चौथा_मजला

शंकेखोर, धन्यवाद. ताटाचं खरंच तसंच झालं, मी दुसऱ्यांदा वाढून घेत होतो. लहान ताट बाद.

रात्री अकराच्या येरझाऱ्या मात्र तुम्हाला कशा कळल्या?

---

अण्णा_बेळगाव

वय ७१. आमच्याकडे पंगतीत ताट वाढायची रीत होती. मीठ-लिंबू वर, डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, मधे भात. चटणी बोटभर, भाजी पळीभर. प्रत्येक पदार्थाला जागा ठरलेली, त्यामुळे मापही ठरलेलं. लोणचं चुकूनसुद्धा भाजीच्या जागी ढीगभर पडत नसे.

आता पातेलीच टेबलावर येतात. गप्पा मारत हात वाढायच्या डावाकडे जातो. सुनेनं दोन वर्षांपूर्वी पातेली ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. हवं तर उठा आणि घ्या. पहिल्यांदा मला अपमान वाटला. आता मी उठत नाही, गुडघे दुखतात. वजन चार किलो कमी.

मात्र आपल्या पंगतीत आग्रह नावाचा प्रकार होता हे विसरू नये. जिलबीचं ताट घेऊन यजमान समोर उभे राहिले की ताटावर आडवा हात धरूनही काही उपयोग होत नसे. जुनं ते सगळं पथ्याचं होतं असं म्हणणाऱ्यांनी लग्नाची पंगत पाहिलेली नाही.

---

दिव्याखाली

कोणीतरी दीक्षित डाएट की दिवेकर डाएट हा वाद सुरू करायच्या आत मी पॉपकॉर्न घेऊन बसतो. (लाह्या. बिनबटरच्या.)

---

दोन_वेळा

@दिव्याखाली, सुरू करत नाही, फक्त धाग्याशी जुळतं तेवढं सांगतो. मी तीन वर्षं डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत पाळतो. दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. ती बरोबर की चूक हा वाद दुसरीकडे घाला. माझा अनुभव इतकाच की मधल्या वेळचं खाणं बंद झाल्यावर घरातून एक अख्खं फडताळ रिकामं झालं. ठेवायलाच काही नाही म्हटल्यावर खायलाही नाही. पाहुणे आले की पंचाईत होते. परवा मेहुण्याला चहाबरोबर शेंगदाणे दिले, तो अजून सांगत फिरतोय.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, हे सगळ्यांसाठी.

---

लोअर_परळ_रिटर्न

मुंबईकरांच्या वतीनं. मी २०२० पर्यंत ठाण्याहून लोअर परळला जायचो. घर ते स्टेशन पंधरा मिनिटं, पूल, दादरला गाडी बदलताना पूल, ऑफिसला चालत, लिफ्टला रांग म्हणून तीन मजले पायी. व्यायाम असा शब्द माझ्या आयुष्यात नव्हता. मार्च २०२० पासून घरून काम. दीड वर्षात नऊ किलो. मी काही आळशी झालो नव्हतो, खाणंही तेच होतं. गेले ते फक्त पूल. 'मनावर घ्या' म्हणणाऱ्यांना मी हेच सांगतो.

लंडनच्या बसवरचा एक जुना अभ्यास आहे, १९५३ चा, जेरी मॉरिस यांचा. डबल डेकरचे ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वरखाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी. आमचे एक काका बेस्टमध्ये कंडक्टर होते, डबल डेकरवर. निवृत्त होईपर्यंत पोट नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांत आलं.

---

शंकेखोर

त्या अभ्यासाची पुढची गंमत सांगतो. तीन वर्षांनी मॉरिस यांनीच बसवाल्यांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हर लोकांच्या पँटी नोकरीला लागतानाच कंबरेत मोठ्या होत्या! म्हणजे फरक सगळाच जिन्यामुळे नव्हता, मुळात कोण ड्रायव्हर होतो तिथूनही थोडा होता. पण स्वतःच्या निष्कर्षावर असा उलटा प्रश्न विचारणारा माणूस मला आवडतो. आणि हालचालीचा मुद्दा पुढे टिकलाच.

काकांच्या पँटीचं माप बघा जमलं तर.

---

म्युनिकची_मावशी

आम्ही राहतो ती इमारत जुनी, चौथा मजला, लिफ्ट नाही. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट वर न्यायचा म्हणजे तो आठवड्याचा व्यायाम. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी जे आणलं तेच घरात. रविवारी दुपारी चार वाजता आइस्क्रीम हवं झालं तर पेट्रोल पंपापर्यंत चालत जावं लागतं. एकदा गेलेय, पाऊस होता.

भारतात सुट्टीवर आले की फोनवर दहा मिनिटांत काहीही दारात. तीन आठवड्यांत तीन किलो, दर वेळी. यंदा खाण्याची ॲप्स फोनमधून काढून टाकणार. पुन्हा घालायला दोन मिनिटं लागतात, पण पासवर्ड आठवत नाही हे माझं बलस्थान आहे.

---

तालुक्याची

सगळं घरातलं चाललंय म्हणून बाहेरचं लिहिते. आमचं गाव तालुक्याचं. पहाटे चालायला जागा म्हणजे एक राज्य रस्ता. सीझनला त्यावर उसाच्या ट्रॉल्या, दोन दोन जोडलेल्या, मागे लाल दिवा नाही. दुसरीकडे कुत्री. साडेपाचला बाईमाणसानं एकटीनं जायचं म्हणजे घरचे आधीच नाही म्हणतात. बूट दाराशी ठेवून काय करू?

शाळेचं मैदान मोठं आहे, पण फाटक सातनंतर उघडायचं. आम्ही अकरा बायका मिळून मुख्याध्यापकांकडे गेलो. आधी म्हणाले, जबाबदारी कोण घेणार. मग शिपाईमामांची मिसेस आमच्यात सामील झाल्या आणि प्रश्नच मिटला, किल्ली त्यांच्याच घरी असते. आता साडेपाच ते साडेसहा. एक दिवस कोणी आली नाही तर दुसऱ्या दिवशी दहाजणी विचारतात. हे विचारणं फार कामाचं आहे. मला बुटांपेक्षा त्याची भीती जास्त.

नगरपालिकेनं बागेत ओपन जिम बसवलंय. चांगलं आहे. त्यातल्या निम्म्या यंत्रांची बेअरिंग गेलीत आणि उरलेल्यांवर मुलं झोके घेतात.

---

ओट्यामागची

तालुक्याची, तुझी पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली.

काकडी_कोशिंबीर, झाकणाची युक्ती चार दिवस करून बघितली. पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, अगं कोणाला हवं असेल तर? कोणाला हवं नव्हतं. पोळ्याच आता दोन कमी लाटते.

---

फळा_आणि_खडू

शाळेबद्दल थोडं. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईनं शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं, कशात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. आमच्या शाळेतही लागला. मुलांनी दोन दिवस पाहिला, तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर डबे उघडून बसली. पण त्याच सुमारास वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटणं बंद झालं, पेन्सिल किंवा लायब्ररीला पुस्तक. ४८ मुलांच्या वर्गात महिन्याला चार वाढदिवस धरा, म्हणजे तेवढी चॉकलेटं मुलांसमोर आलीच नाहीत. पालकांचे फोन आले, ते वेगळं.

---

खाऊगल्ली

गणपती-दिवाळीचं काय करता? शेजाऱ्यांकडून फराळाची ताटं येतात. ती माळ्यावर टाकता येत नाहीत, ताट रिकामं परत द्यायचं असतं.

---

काकडी_कोशिंबीर

ताट रिकामं नाही गं परत देत, आपला फराळ घालून देतात. म्हणजे त्यांचा संपला नाही तर तोच पुढच्या घरी! आमच्या बिल्डिंगमध्ये एक शंकरपाळी तीन मजले फिरून माझ्याकडे परत आली होती. आकारावरून ओळखली, माझी कातण तुटकी आहे.

खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मी काही हलवत नाही. वाटीत काढून घ्यायचं, डबा बंद करायचा, बस. डब्यातून थेट खाल्लं की किती खाल्लं ते कोणालाच कळत नाही.

---

नवा_सदस्य_९९

तेलाचं कोणी बोललं नाही. आम्ही महिन्याच्या किराण्यातच दोन लिटर आणतो, माणसं चार. म्हणजे माणशी दिवसाला साधारण १७ मिली. संपलं की संपलं. गेल्या महिन्यात २६ तारखेला संपलं, चार दिवस उकडलेलं आणि भाजलेलं खाल्लं. बाबा अजून बोलत नाहीत.

---

चौथा_मजला

तीन आठवड्यांनी आलो. एचबीए१सी तीन महिन्यांनी करायला सांगितलंय, त्यामुळे आकडा एप्रिलमध्ये कळवीन.

ओट्यामागची ताईंच्या पोस्टनंतर रविवार सकाळ माझ्याकडे घेतली. भाजी निवडणं, धुणं, मटकी भिजवणं. पहिल्या मटकीला वास आला, फेकली. माठ निवडायला पाऊण तास लागतो हे मला ४७ वर्षांत माहीत नव्हतं. पालेभाजी पुन्हा खालच्या कप्प्यात का जाते तेही कळलं: निवडायला वेळ नसतो म्हणून.

सायकलवर अजून टॉवेलच आहेत.

जिन्याचं सांगायचं राहिलं. धाग्याच्या नावात दिवा लिहिला आणि विसरलो. आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, त्यामुळे जिना कोणी वापरत नाही, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला दिवा गेलेला कोणाला कळलं नाही, त्यामुळे तिथे एकानं चपलांचं रॅक आणि एकानं जुना कूलर ठेवला. अंधारात कूलरला दोनदा गुडघा लागल्यावर मीही लिफ्टनं जायला लागलो होतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, जिना कोण वापरतं? मी म्हटलं, आग लागली तर सगळेच. दिवा लागला. रॅक हललं. कूलरच्या मालकांनी तो त्यांच्या वडिलांची आठवण असल्याचं सांगितलं, तेव्हा तो अर्धा फूट भिंतीकडे सरकवण्यावर तडजोड झाली.

आता दिवसातून तीनदा चार मजले चढतो. शेजारच्या आजीही उतरताना जिन्यानं येतात, चढताना लिफ्ट.

---

खडूस_सदाशिव

दिवा सेन्सरचा लावलाय का साधा? आमच्याकडे सेन्सरचा आहे, मी मधल्या मजल्यावर दम खायला थांबलो की विझतो. मग हात हलवावे लागतात. समोरच्या फ्लॅटवाल्यांना वाटतं मी त्यांना बोलावतोय.

---

चौथा_मजला

साधाच, नऊ वॉटचा. बटण पहिल्या मजल्यावर आहे, रात्री विझवायला खाली उतरावं लागतं. सध्या ते काम माझ्याकडे दिलंय.